एकवीस घास

नवऱ्याला मूठमाती देऊन दोनच दिवस झाले होते. येशिमेबेत दुखवट्यासाठी घातलेल्या मांडवात नुसती बसून होती. तिला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती.

पण शेजारणी दुखवट्याच्या घरात कुणाला उपाशी ठेवतील तर शपथ! त्सिगे मावशीने इंजेऱ्याच्या आंबूस पोळीत डाळ गुंडाळून घास तिच्या तोंडाशी नेला.

"आ कर गं, तुला माझी शपथ."

एका घासाने वैर येतं, दुसऱ्याने नातं तुटतं, तिसऱ्याने जुळतं, हे इथिओपियातल्या गोंदरमध्ये पोराटोरांनाही ठाऊक. म्हणून मावशीने तीन भरवले. मग आस्कलेने तीन. मग आणखी पाच जणींनी तीन तीन. भरवणारा हात मागे सारायची रीत नाही. येशिमेबेत आ करत राहिली. तिखट की अळणी, तिला काही कळलं नाही.

सगळ्या जणी हात धुवायला मांडवामागे गेल्या. मध्ये कापडाचा पडदा तेवढा.

"एकवीस घास! मी मोजले ना," आस्कले म्हणाली.

"माझे तर न चावताच गिळले," त्सिगे मावशी म्हणाली. "नवऱ्याची माती अजून ओली आहे, आणि हिची भूक बघा."

येशिमेबेतने सगळं ऐकलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, एवढं तिला समजलं. वाटलं मात्र नाही. शेवटचा घास अजून गालातच होता.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली एक बाई डोळे पुसत आली आणि ताटाशी बसली.

"अगं, पोटात काही गेलं की नाही तुझ्या?"

येशिमेबेतने गालातला घास कसाबसा गिळला आणि आ केला.