आधी काय काढू?

"डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, वहिनी. आधी काय काढू, ते एकच सांगा," दुरुस्तीवाला म्हणाला.

मेल्या डिस्कची टकटक वाढली, तशी लेखिका पुढे वाकली. एका फोल्डरमध्ये तीन वर्षं रक्ताचं पाणी करून लिहिलेली कादंबरी, दुसऱ्यात लेकाच्या बोबड्या बोलांची रेकॉर्डिंग. त्याचा तर आता आवाजही फुटला होता. दुसरी प्रत कशाचीच नाही, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं.

"कादंबरी!" तिच्या तोंडून निघून गेलं.

कादंबरी तेवढी निघाली आणि टकटक कायमची थांबली. दुरुस्तीवाल्याने नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, परवा तू मेलवर पाठवलेली कादंबरी एका बैठकीत संपवली गं! अगं, ऐकतेयस ना?"