आनंदबागेचं एकमेव पक्कं गिऱ्हाईक

कल्याण-शीळ रस्त्यावर गोमाजी भोईरांनी आनंदबाग काढली ती त्र्याण्णव सालच्या दसऱ्याला. भातशेतीचा अर्धा तुकडा बिल्डरकडे गेला होता आणि आता काय करावं हे गावातल्या प्रत्येकाने गोमाजींना सांगून झालं होतं. कुणी म्हणालं ट्रक घ्या, कुणी म्हणालं मंगल कार्यालय बांधा. गोमाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जत्रेत पाळणा फिरवून थकलेल्या एका माणसाकडून त्याचा पन्नास फुटी पाळणा विकत घेतला. पाळण्याशेजारी चार डॅशिंग कार, एक घसरगुंडी, एक भूतबंगला आणि फाटकाशी भज्यांची कढई. कढईवर बायको मनुबाई बसली, फाटकात खुर्ची टाकून गोमाजी स्वतः बसले.

बाकी सगळं विश्राम तावडेकडे. वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडला तेव्हा विश्राम तिथे फिटर होता. राहायला ठाकुर्लीला, वय बत्तीस, लग्न व्हायचं होतं. पाळण्याला ग्रीस घालायचं, तिकिटं फाडायची, भूतबंगल्यातल्या सांगाड्याचा सुटलेला हात तारेने बांधायचा, ही सगळी कामं करणाऱ्याला गोमाजी मॅनेजर म्हणत.

दिवाळीपर्यंत लोक आले. एकदा आले, पाळण्यात बसले, भजी छान आहेत म्हणाले आणि परत फिरकले नाहीत. जानेवारी उजाडेपर्यंत आनंदबागेला पक्कं म्हणावं असं एकच गिऱ्हाईक उरलं होतं. डोंबिवलीच्या एक शिक्षिकाबाई. नाव उत्तरा पेंडसे, पंचेचाळिशीच्या, चष्मा, खांद्याला शबनम. दर रविवारी चार वाजता एकट्या यायच्या, पाळण्यात दोनदा बसायच्या, प्रत्येक वस्तूपाशी थोडं थांबायच्या आणि भजी खाऊन जायच्या. गोमाजी त्यांना पाहिलं की खुर्चीतून उठत. भज्यांचे पैसे घेऊ नयेत अशी मनुबाईला ताकीद होती. एवढी शिकलेली बाई दर आठवड्याला येते म्हणजे बागेत काहीतरी असणारच, या एका आधारावर गोमाजींनी तो हिवाळा काढला.

पण एका बाईवर बाग चालत नाही. तिकडे ठाण्यात, घोडबंदर रोडला, ‘जलपरी’ नावाचा पार्क निघाला होता आणि तिथे रविवारी रांगा लागत होत्या. गोमाजींनी विश्रामला समोर बसवलं.

"आपला पालना त्यांच्यापेक्षा उंच हाय. मंग लोकां तिकरं कनाला जातान?" ते म्हणाले. "तू जा नि बघून ये. येकदा येनारा सोर. परत परत येतंय त्याला धर नि इचार."

तिकिटाचे, रिक्षाचे आणि खाण्याचे पैसे देऊन त्यांनी विश्रामला हेरगिरीला पाठवलं. नोकरीत असा रविवार मिळेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जलपरीत विश्रामने मन लावून काम केलं. पाण्याच्या टाकीपाशी त्याला दगडू आणि गंगुबाई हे दिवा स्टेशनजवळचं जोडपं भेटलं. त्यांचा तो सलग सातवा रविवार होता. गंगुबाईच्या टॉवेलात साबणाची वडी होती. चाळीत नळाला दिवसाआड दोन हंडे पाणी येतं आणि घरात माणसं सहा, असं तिने सांगितलं. इथे सगळ्यांच्या डोक्यावरून न्हाऊन होतं, वर घसरगुंडी. डॅशिंग कारमध्ये एक टक्कल पडलेले गृहस्थ ओळीने आठ फेऱ्या मारत होते आणि एकदाही कुणावर धडकत नव्हते. विश्रामने विचारलं तेव्हा त्यांनी आजूबाजूला बघून सांगितलं की घरी नवी गाडी आली आहे, चालवता येत नाही हे बायकोला कळू द्यायचं नाही, म्हणून ते इथे हात बसवतायत.

विश्रामने सोमवारी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. गोमाजींचा विश्वास बसला नाही. पैसे भरून आंघोळ करायला कोण जातं? त्यांना वाटत होतं की जलपरीच्या यंत्रात काहीतरी गोम असणार आणि विश्रामला ती दिसली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जा, डोळे उघडे ठेव, असा हुकूम झाला.

गेला. आणि या खेपेला त्याला जे दिसलं त्याने तो जागच्या जागी थिजला. जलपरीच्या ऑफिसच्या काचेपलीकडे मालक म्हापणकर बसले होते आणि त्यांच्यासमोर वही उघडून उत्तराबाई काहीतरी वाचून दाखवत होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. म्हणजे बाई इथून निघून चारला आनंदबागेत पोचणार.

बाईंनी मान वळवली तेव्हा दोघांची नजरानजर झाली. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चहा घेऊ या. तूही त्याच कामावर दिसतोस."

फाटकाबाहेरच्या टपरीवर सगळं उघड झालं. थंडी वाढली की जलपरी ओस पडेल अशी म्हापणकरांना धास्ती होती. कल्याणकडची माणसं कोरड्या करमणुकीला कशी भुलतात हे शोधायला त्यांनी बाईंना रविवारपुरतं नेमलं होतं. बाईंच्या अहवालात दर आठवड्याला एकच ओळ असायची: आनंदबागेत नियमित येणारे ग्राहक, एक. तो एक कोण हे त्यांनी म्हापणकरांना कधी सांगितलं नव्हतं.

विश्राम हसायला लागला तो चहा सांडेपर्यंत हसला. मग त्याला सुचलं की इतकी धावपळ करायची गरजच काय. आपल्या बागेची माहिती आपण बाईंना द्यावी, जलपरीची बाईंनी आपल्याला द्यावी आणि दोघांनी रविवार घरी काढावा. बाईंना हिशेब पटला. पण लगेच विश्रामच्या लक्षात आलं की बाई यायच्या बंद झाल्या तर गोमाजी हाय खातील.

"म्हणजे सुट्टी तुला आणि पाळणा मला," बाई म्हणाल्या. पण त्यांनी फार ताणलं नाही. रविवारी घरी त्यांचे यजमान जेवून जे झोपत ते सहाला उठत, आणि मनुबाईची भजी खरोखरच चांगली होती.

असे दोन महिने मजेत गेले. विश्राम रविवारी ठाकुर्लीला पंख्याखाली झोपे आणि सोमवारी गोमाजींना अहवाल देई. पण खऱ्या गोष्टींवर गोमाजी खूश होत नसत. त्यांना यंत्रातली गोम हवी होती. शेवटी एका सोमवारी विश्रामने वैतागून एक थाप ठोकून दिली. जलपरीचा पाळणा वर गेला की मुद्दाम पाच मिनिटं थांबवतात, म्हणाला. लोक त्यासाठीच येतात.

गोमाजींनी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मांडीवर थाप मारून उठले. सहा महिने ज्या गोष्टीची वाट पाहिली ती मिळाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्याच रविवारपासून विश्रामची हेरगिरी बंद झाली आणि तो दांड्यावर उभा राहून आनंदबागेचा पाळणा थांबवायला लागला.

पहिल्या रविवारी दोन म्हाताऱ्या वरून ओरडल्या आणि एकाने पैसे परत मागितले. दुसऱ्या रविवारी मात्र डोंबिवलीचं एक नवं जोडपं उतरल्या उतरल्या पुन्हा तिकीट काढून बसलं. तिसऱ्या रविवारी तशी अकरा जोडपी होती. एका खोलीत सासू, दीर, नणंद अशा आठजणांत राहणारी ती माणसं. त्यांना पन्नास फुटांवर, चारी बाजूंनी मोकळी, कुणी ऐकणार नाही अशी पाच मिनिटं मिळत होती, आणि ती कल्याण-डोंबिवलीत दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. मे महिन्यात रांग फाटकाबाहेर गेली. विश्रामला स्वतःच्या थापेचा एवढा अभिमान वाटायला लागला की ती थाप होती हे तो जवळजवळ विसरला.

बाईंनीही म्हापणकरांना एक गोष्ट कळवली, आणि ती खरी होती. आनंदबागेचा मालक फाटकात बसून प्रत्येकाचं नाव, गाव विचारतो, हे लोकांना आवडतं. म्हापणकर दुसऱ्या दिवसापासून टाय लावून फाटकात उभे राहिले आणि वही घेऊन नाव-गाव विचारू लागले. काही कुटुंबं कसली चौकशी चालली आहे असं वाटून तिथूनच परत फिरली.

मग एका सोमवारी संध्याकाळी गोमाजींनी सहज सांगितलं की उद्या बाग बंद, तेव्हा ते मनुबाईला घेऊन जलपरीला जाणार. तिथला पाळणा नेमका किती मिनिटं थांबतो हे त्यांना घड्याळ लावून बघायचं होतं. पाचाच्या जागी सात असतील तर आपण मागे पडू.

विश्रामच्या तोंडचं पाणी पळालं. तो तसाच डोंबिवलीला बाईंच्या घरी गेला. बाईंनी त्याला आधी पाणी दिलं, मग पाऊण तास विचार केला. जलपरीच्या पाळण्यावर काळुराम नावाचा माणूस होता. मंगळवारी सकाळी बाई त्याच्याकडे गेल्या आणि विश्रामने आणून दिलेलं मनुबाईच्या उरलेल्या भज्यांचं मोठं पुडकं त्याच्या हातात ठेवलं. पांढऱ्या टोपीतला माणूस वर पोचला की पाच मिनिटं पाळणा थांबवायचा, एवढंच काम.

गोमाजी टोपी, कोट घालून आले. मनुबाईने नवं लुगडं नेसलं होतं. दोघं पाळण्यात बसली, पाळणा वर गेला, आणि नेमका थांबला. खाली हिरवळीवर उभ्या असलेल्या विश्रामने आणि बाईंनी श्वास सोडला. वर गोमाजी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघताना दिसत होते.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. काळुरामने दांडा ओढला आणि काहीच झालं नाही. वीज गेली होती. जनरेटर होता तो फक्त पाण्याच्या पंपांना जोडलेला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. खाली गर्दी जमली, माणसं माना वर करून बघायला लागली आणि म्हापणकर ऑफिसातून धावत आले. रविवारपुरत्या नेमलेल्या उत्तराबाई मंगळवारी इथे काय करतायत, आणि त्यांच्या शेजारी हा कोण, असं त्यांनी विचारलं. काळुराम आधीच घाबरलेला. त्याने कुणी न विचारता भज्यांपासून सगळं सांगून टाकलं.

वीज आली तेव्हा एकोणपन्नास मिनिटं झाली होती. गोमाजी आणि मनुबाई उतरली तोपर्यंत खाली काही लपलेलं राहिलं नव्हतं. म्हापणकरांनी बाईंना नोकरीवरून काढल्याचं मोठ्याने जाहीर केलं आणि गोमाजींनाही सगळं ऐकवलं. गोमाजी विश्रामकडे वळलेसुद्धा नाहीत. ते बाईंकडे बघत राहिले.

"तुमी पगारी यायच्या?" त्यांनी विचारलं.

ते इतकं हळू होतं की विश्रामला कुठेतरी लपावंसं वाटलं.

"पहिले काही रविवार," बाई म्हणाल्या. "मग हा माहिती देत होता. मला यायची गरज नव्हती. तरी येत होते."

यातलं निम्मं खरं होतं. बाईंनी यायलाच हवं म्हणून आपणच गळ घातली होती हे विश्रामला ठाऊक होतं, पण तो गप्प राहिला. शिवाय अलीकडे बाई दोनाऐवजी तीनदा बसायला लागल्या होत्या, तेही त्याने पाहिलं होतं, आणि ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

गोमाजी आता स्फोट करतील असं सगळ्यांना वाटलं. पण मनुबाई मध्ये पडली. "बाईंना आपल्याकरं घ्या," ती म्हणाली, आणि पुढे निघाली. गोमाजी तिच्या मागोमाग चालायला लागले. असं मुकाट्याने बायकोच्या मागे जाताना विश्रामने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वर काय झालं ते मनुबाईने पुढे बाईंना कढईपाशी सांगितलं. पहिली पाच मिनिटं नवरा घड्याळ बघत बसला. मग बघायला काही उरलं नाही तेव्हा त्याने विचारलं, तुला भीती वाटते का. ती म्हणाली, भीती कसली, आपल्या घरचा पाळणा आणि त्यात मी आज सात-आठ महिन्यांत एकदाही बसले नाही. मग सांगितलं का नाहीस, असं तो म्हणाला. तुम्ही फाटकात, मी कढईवर, सांगू कधी, असं ती म्हणाली. त्यानंतर उरलेल्या पाऊण तासात दोघं पुष्कळ बोलली. ती काय बोलली हे मात्र मनुबाईने सांगितलं नाही.

उत्तराबाई आनंदबागेच्या रविवारच्या व्यवस्थापक झाल्या. म्हापणकरांनी काढलेला काळुराम पाळण्यावर आला. विश्रामची नोकरी गेली नाही, पण गोमाजी खोटं बोलणाऱ्याला मोकळा सोडणारे नव्हते. थापेने बाग चालली हे त्यांना मान्य होतं, आणि थाप ती थाप हेही. महिनाभर भूतबंगल्यातला सांगाडा काढून ठेवावा आणि त्याच्या जागी विश्रामने पांढरी चादर पांघरून उभं राहावं, अशी शिक्षा झाली.

जूनचा उकाडा, आत अंधार आणि अंगावर चादर. पहिल्या रविवारी विश्रामने पोरांना भेवडावलं आणि मनातल्या मनात नवी नोकरी शोधली. दुसऱ्या रविवारी डोंबिवलीच्या तीन बायका आल्या. तिघी साठीच्या, एकाच इमारतीतल्या, तिघींच्या हातात छत्र्या. विश्राम ‘हू’ करून पुढे आला तर पहिलीने त्याच्याच अंगावर अशी किंकाळी फोडली की तो भिंतीवर आदळला. दुसरीने छत्रीने चादर ओढली. तिघी पोट धरून हसत बाहेर गेल्या. जन्मभर सासऱ्याला, नवऱ्याला, घरमालकाला घाबरून झालं, आता कुणालातरी घाबरवायला आलो, असं त्यांनी उत्तराबाईंना तिकीट काढताना सांगितलं होतं. बाईंनी ते वहीत टिपून ठेवलं.

त्या तिसऱ्या रविवारीही आल्या आणि चौथ्याही. महिना संपला तेव्हा गोमाजींनी सांगाडा परत लावायला सांगितला. विश्रामने त्याचा हात शोधून ठेवला, तार काढली, आणि मग बाहेर तिकीटखिडकीवर त्या तिघींचा आवाज आला. भूत आहे ना आज, असं त्या विचारत होत्या.

विश्रामने सांगाडा कोपऱ्यात टेकवला, चादर डोक्यावरून घेतली आणि भिंतीपासून जरा लांब उभा राहिला.