नऊपैकी तीन

अनिताच्या तक्त्यात कॉम्प्युटर चालवणाऱ्या नऊ सिस्टीम होत्या. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा आणि आणखी पाच. सगळ्या मोफत, आणि प्रत्येकीपुढे सहा रकाने. रोह्याच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. तक्ता केल्याशिवाय हिला भाजीसुद्धा ठरवता येत नाही, असं मोझेसकाका म्हणत.

मोझेसकाकांची हयात वीज कंपनीत मीटर दुरुस्त करण्यात गेली होती; आता ते अनिताच्या या कामात जोडीला असत. "आमचे सगळे ज्यू इस्रायलला गेले, मी दुरुस्तीला मागे राहिलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उद्या, रविवारी, पेणला लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घालून द्यायची होती. जागा पुतळीताईंच्या मूर्तींच्या कारखान्याची. गणपती गेले की त्यांची शेड महिनाभर मोकळी असते. शनिवारी दुपारी तिघंजणं तिथे टेबलं लावत होती. मातीची धूळ पंख्यांत जायला नको म्हणून पुतळीताई जमिनीवर पाणी शिंपडत होत्या.

"नऊच्या नऊ ठेवणार?" काकांनी विचारलं.

"लोकांना निवड हवी ना, काका."

"मार्चमध्ये रोह्यात होती की निवड. काय झालं?"

मार्चमध्ये अनितानं तेवीस जणांना सिस्टीम घालून दिली होती. त्यातले चौदा महिन्याभरात पिशवीत लॅपटॉप घालून दारात उभे! बाई, जुनीच परत घाला. तिचे चार रविवार त्यातच गेले. उद्याही तसंच झालं तर पेनड्राइव्ह कपाटात टाकायचे आणि हा नाद सोडायचा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. काकांनाही सांगितलं नव्हतं.

"गिऱ्हाईक आलं की तू आधी काय इचारतेस गो?" पुतळीताईंनी बादली खाली ठेवली.

"कुठली आवडली, ते."

"मग बरोबर! सगळ्यांनी तुजी ती डोंगरवाली घेतली असंल."

घेतलीच होती. त्या सिस्टीमच्या पडद्यावर निळ्या डोंगराचं देखणं चित्र होतं. सिस्टीम चांगली, पण जड. जुन्या मशीनना धाप लागली. अनिताला ते तेव्हाही कळत होतं, पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं तिला जमत नसे.

"आमच्याकडं लोक आपला पाट घेऊन येतात," पुतळीताई म्हणाल्या. "मी आधी पाट बघते, मग गणपती दाखवते. एवढुशा पाटावर कुणी तीन फुटी मूर्ती मागितली तर सरळ नाय सांगते."

"आणि ते रागावले तर?"

"रागवू दे की. घरी जाऊन देव कलंडला तर जास्त रागावतील."

अनितानं पेन काढलं. सहा नावांवर काट मारताना तिला कसंसंच झालं. दोन आठवडे खपून केलेला तक्ता होता तो. तीन उरल्या. आठ जीबी रॅमच्या मशीनला डोंगरवाली, चारच्या मशीनला मधली, दोनच्या मशीनला हलकी.

रविवारी काका दारातच बसले. आलेलं मशीन आधी उघडून बघायचे, रॅमचा आकडा चिठ्ठीवर लिहून चिकटवायचे आणि आत सोडायचे. दुपारपर्यंत अकरा मशीन बिनबोभाट झाली.

मग गडब गावचे गोविंदा आले. हायवेवर त्यांचं पोह्याच्या पापडांचं दुकान. लेकीचा जुना लॅपटॉप आणलेला, चिठ्ठीवर दोनचा आकडा. शेजारच्या टेबलावर पेणच्या हरेशच्या मशीनचा पडदा निळ्या डोंगरासह नुकताच उजळला होता.

"म्याडम, मला ती डोंगरवाली."

'बरं' हा शब्द अनिताच्या अगदी जिभेवर आला होता. तिनं तो गिळला.

"नाही, गोविंदादादा. तुमच्या मशीनला नाही पेलणार."

"हरेशच्या मशीनला पेलते नि माझ्याला नाय? म्हंजे गडबवाले हलके?"

शेडमध्ये हशा पिकला. "तू नाय रे," काका दारातून ओरडले, "तुझा लॅपटॉप हलका!"

गोविंदा लॅपटॉप मिटायला लागले. अनिताचा चेहरा तापला. मग तिनं प्रयोगशाळेत करतात तेच केलं.

"थांबा. पेनड्राइव्हवरून दोन्ही चालवते, आत काही न घालता. घड्याळ तुम्ही धरा."

गोविंदांनी मोबाइलवर सेकंद लावले. डोंगर तर दिसला, पण पत्र लिहायचा कागद उघडायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागली. तेवढ्यात पुतळीताईंचा चहा पिऊन झाला. मग हलकी. एकवीस सेकंद.

गोविंदांनी मोबाइल खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "पण डोंगर नाय ह्याच्यात."

"चित्र काय, कुठलंही लावता येतं."

"कुठलंबी? मग हे आधी सांगायचं ना, बाई!"

सहा रकान्यांत अनितानं हे कुठेच लिहिलं नव्हतं. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, आणि रोह्यात तेवीस जणांनी त्या चित्रावरूनच सिस्टीम निवडली होती. गोविंदांनी पडद्यावर आपल्या दुकानाचा फोटो लावून घेतला. पाटी नीट दिसत नाही म्हणून दोनदा बदलून घेतला.

त्यानंतर तीन आठवडे कुणीच आलं नाही. अनिता रोज मोजत होती. चौथ्या सोमवारी प्रयोगशाळेच्या दारात गोविंदा उभे. हातात पिशवी, पिशवीत लॅपटॉप.

एवढ्या लांब गडबहून माणूस उगाच येत नाही.

"जुनी परत घालायची ना?" तिनं स्वतःच विचारलं.

"जुनी कशाला?" गोविंदांनी भुवया चढवल्या. "प्रिंटर रुसलाय. पापडांची लेबलं छापायचीत. तेवढा बघा, मला परतीची गाडी हाय."

अनितानं समोरचे लंबक बाजूला सारून टेबल मोकळं केलं. "बसा," ती म्हणाली. "प्रिंटर कुठला आहे?"