बाराव्या रांगेतले बाबा

पिवळा… अगदी पिवळाही नव्हे, फोडणीत हळद जरा जास्त पडली की तेलाला येतो तसा रंग — नखाएवढा दिवा, उजव्या इंजिनाच्या काट्यांपाशी, लागला तो लागलाच. उपासनाने त्याच्याकडे पाहिलं ते आधी रागाने. आजच? सिअ‍ॅटल ते सॅन होजे, इतके महिने हे सगळे दिवे शहाण्या मुलांसारखे गप्प बसतात, आणि ज्या दिवशी बाबा मागे बाराव्या रांगेत बसलेत नेमका त्याच दिवशी याला कंठ फुटला!

"ऑइल फिल्टर," शेजारून कॅप्टन हॅरिस म्हणाला आणि त्याने सूचनांचं पुस्तक उघडलं. तेलाची गाळणी तुंबली असावी. दिवा विझेपर्यंत त्या इंजिनाचा जोर हळूहळू कमी करायचा. विमान उपासना चालवत होती, म्हणून दांडा तिनेच मागे घ्यायला सुरुवात केली, अगदी हळू — आणि हे हळू करणं शिकवलं तेही बाबांनीच, फ्रीमाँटला, गाडी शिकताना… ती स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, आणि त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर सारखा दाबलेला. त्या पायाने तिथल्या मॅटला शेवटी भोक पडलं. आई हसायची. उपासनाला मात्र ते भोक मनाला लागायचं. यांचा आपल्यावर काडीचा विश्वास नाही, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे वैमानिक व्हायचंय म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "रोज उडायचं?" नोकरी लागल्यावरही तिच्या भावाकडे, कुशलकडे, सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला जायचं तर दोन दिवस गाडी हाकत जायचे, पण लेकीच्या विमानात पाऊल ठेवायचे नाहीत. आज आई नातवापाशी राहिली, गाडी कुशलकडे दुरुस्तीला, म्हणून नाइलाज. निघण्यापूर्वी कॉकपिटमध्ये आले, हॅरिसचा हात दोन्ही हातांत धरून "गुड मॉर्निंग, सर" म्हणाले, चहूकडची बटणं पाहून घेतली आणि हळूच मराठीत — "यातलं सगळं तुला येतं ना गं?"

"येतं, बाबा! डोन्ट वरी. आजचं लँडिंग मीच करणारेय."

किती तोऱ्यात म्हणालो आपण…

दिवा विझला नाही. म्हणजे आता इंजिन बंद. उजवंच ना? उजवंच. दोघांनी हात लावून खात्री केली आणि हॅरिसने ते बंद केलं. विमानाचं नाक उजवीकडे ओढ घेऊ लागलं, तिने डाव्या पायाने पेडल दाबलं, आणि तिला हसूच आलं. मागे बाराव्या रांगेतही एक पाय या क्षणी जमिनीत रुतला असणार.

पोर्टलंडला उतरायचं ठरलं. हॅरिसने प्रवाशांना सगळं सरळ सांगितलं, एक इंजिन पुरेसं असतं हेही सांगितलं. मग माइक ठेवून तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझे वडील मागे आहेत. हवं तर मी उतरवतो. त्यात कमीपणा नाही."

भला माणूस. आणि खरंच विचारतोय, तर उत्तरही खरंच द्यायला हवं. हात स्थिर आहेत. पण मन? अर्धं मन बाराव्या रांगेत असेल तर विमान त्याच्याकडे द्यावं, हट्टाची ही जागा नव्हे, मागे बसलेला प्रत्येक जण कुणाचा तरी कुणी आहे. बाबांनी बघावं म्हणून उतरवायचंय का मला? …हो. थोडं तसंच आहे. मग नकोच.

ती तोंड उघडणार तेवढ्यात मागून फोन वाजला. एअर होस्टेस कॅरन. "बाराव्या रांगेतल्या मिस्टर मेश्रामांचा निरोप आहे. त्यांना कसलीही घाई नाहीये, म्हणाले. तू नीट वेळ घे." आणि आवाज उतरवून, "फार घाबरलेत ते. ज्यूस दिलाय, तो सांडला. पण निरोप तीनदा सांगितला, मी विसरेन म्हणून."

घाई नाही! ट्रॅफिक लाइट हिरवा व्हायच्या आत "चल, चल" म्हणणारा माणूस! एवढा घाबरलाय आणि तरी स्वतःला अख्खाच्या अख्खा तिच्या हाती देऊन बसलाय. म्हणजे तेव्हाही… गाडीतही… पाय दाबत होते, पण उतरले कधीच नाहीत. रोज संध्याकाळी स्वतःच किल्ली पुढे करायचे. वेडे बाबा. आणि आपणही काही कमी वेड्या नाही, भोक तेवढं बघितलं.

आता बाबांना काही दाखवायचं उरलं नव्हतं. "मीच उतरवते," ती म्हणाली. हॅरिसने तिच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मान डोलावली.

खाली राखाडी ढग होते. अजून बरंच उरलं होतं आणि एकच इंजिन होतं. जे वाटत होतं त्याला इतक्या वर्षांत प्रथमच उपासनाने दुसरं काही नाव दिलं नाही. भीती होती. नाकासारखीच बाबांकडून आलेली. तिला ती अतिशय आवडली.