पहिला हात

धाकट्या जावेला पक्षात आणलं थोरलीनेच. आता तीच तिच्या डोळ्यांत खुपत होती, आणि हे बोलून दाखवायची सोय नव्हती. दोघींचं भाड्याचं घर एक, स्वयंपाकघर एक.

पक्ष भाडेकरूंचा. लाँड्रीच्या वरच्या खोलीत तो सुरू झाला तेव्हा थोरली खाली इस्त्री करायची. घरमालकाने तिला आणि तिच्या आईला सामानासकट रस्त्यावर काढलं होतं. वर जाऊन तिने ते रडत रडत सांगितलं आणि त्यातून जाहीरनाम्याचं पहिलं कलम तयार झालं: वेळेवर भाडं देणाऱ्याला कोणी घराबाहेर काढायचं नाही. तेव्हा सगळे सतरंजीवर बसत. मत हात वर करून द्यायचं, आणि पहिला हात सर्वांत जुन्या सभासदाचा. जुनी माणसं एकेक करत गेली आणि तो मान थोरलीकडे आला. तिने तो दागिन्यासारखा जपला.

पुढे पक्षाला बरे दिवस आले. सतरंजी गेली, खुर्च्या आल्या. भाषणांत आधी ‘लुटारू घरमालक’ असायचे, मग नुसते ‘घरमालक’ उरले, आणि गेल्या निवडणुकीत तर अध्यक्ष त्यांना चक्क ‘आमचे मालक बंधू’ म्हणाले. त्यातले दोन बंधू पक्षाचे सभासद होऊन पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते. थोरलीला हे दिसत नव्हतं असं नाही. पण दर वेळी बदल एवढासाच असायचा, एवढ्याशासाठी भांडण कोण उकरून काढणार? शिवाय तिचं सगळं लक्ष धाकटीवर.

धाकटी वकिलाच्या ऑफिसात टाइपिंग करायची. ती बोलायला उभी राहिली की लोकांच्या हातातला चहा हातातच राहायचा. हात वर करण्याआधी माणसं हल्ली चोरून तिच्याकडे बघतात, हे थोरलीने टिपलं होतं. ज्या दिवशी टिपलं, त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही.

अशात अध्यक्षांनी थोरलीला बाजूला घेतलं.

“वॉर्डाची उमेदवारी तुमच्या दोघींपैकी एकीला द्यायची आहे. आणि ते पहिलं कलम हो, जरा अडचणीचं झालंय आता. रविवारी मताला टाकतोय. बघा काय ते.”

“बघायचं काय त्यात? ते कलम माझं आहे,” थोरली ताडकन म्हणाली. त्या घडीला तिच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं.

रविवारी कलमाच्या बाजूने धाकटी उठली. “मी माझं काही सांगत नाही,” ती म्हणाली, “माझ्या जाऊबाईंचं सांगते.” आणि तिने ती सगळी हकिगत सांगितली. रस्त्यावर पसरलेली भांडी, शेजाऱ्यांनी धडाधड लावून घेतलेली दारं, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर चुकवत पदराने ताटल्या पुसणारी आई. थोरलीने कधीतरी भाजी निवडता निवडता तिच्यापाशी मन मोकळं केलं होतं, ते जसंच्या तसं. मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. अध्यक्षांनीसुद्धा चष्मा काढला.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. घर गेलं माझं, आई माझी, रडले मी, आणि टाळ्या हिला! इतकी वर्षं हेच आपण सांगत आलो, तेव्हा कोणाचा चष्मा निघाला नाही.

“आता पहिला हात ताईंचा,” असं हसून म्हणत धाकटी खाली बसली. तिने मनापासून मान दिला होता. थोरलीला तो परवानगी दिल्यासारखा लागला.

अध्यक्षांनी विचारलं, “कलम काढून टाकावं, असं कोणाचं मत?”

थोरलीचा हात वर गेला.

मग सवयीने एक हात वर आला, त्याच्या शेजारचा आला, मालक बंधूंचे आले, आणि बघता बघता निम्म्याहून जास्त खोली हात वर करून बसली. कलम गेलं. अध्यक्ष तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “उमेदवारी तुमचीच, बाई.”

जिन्यात धाकटीने तिला गाठलं.

“ताई, चुकून झालं ना? प्रश्न उलटा होता, घाईत कळलं नसेल तुम्हाला. अजून सगळे वरच आहेत. चला, मी सांगते त्यांना, परत मत घ्या म्हणून.”

तिला खरंच तसं वाटत होतं. थोरलीने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण म्हणजे पुन्हा हीच बोलणार, आणि पुन्हा सगळे हिचंच ऐकणार.

“चुकून नाही,” ती म्हणाली. “विचार करून केलंय.”

धाकटीने आवाज चढवला नाही.

“आपलंही घर भाड्याचंच आहे, ताई. सामान बांधायला कधी घ्यायचं, तेवढं आधी सांगा.”

आणि ती उतरून निघून गेली. थोरली कठडा धरून उभी राहिली. वरून अध्यक्ष हाका मारत होते. आणि एवढं होऊनही तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की काय बोलली मेली! असं आपल्याला कधी सुचलं नाही.