आठ दहाची रेघ

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या मराठी शाळेत छडीला मुलं घाबरत नसत, पण सुधींद्र सरांच्या लाल रेघेला मास्तर मंडळी चळचळा कापत. सर हेडमास्तर, आणि त्यांच्या टेबलावर मस्टर उघडं असायचं. जो येईल त्यानं त्या दिवसाच्या पानावर सही करायची आणि पुढे वेळ लिहायची. पहिली सही सरांची, सात चाळीसची. आठ दहा झाले की सर लाल पेनाचं टोपण काढत आणि शेवटच्या सहीखाली पट्टी धरून रेघ ओढत. रेघेखाली सही गेली की अर्धी रजा लागली. मग तुम्ही बस बंद पडली म्हणा, नाहीतर आभाळ कोसळलं म्हणा!

वसुमतीबाईंचं त्या रेघेशी जुनं वैर होतं. वीस वर्षांपूर्वी एकदा त्यांची लेक सुप्रीता तापानं फणफणली होती. पोरीला शेजारच्या अक्कांच्या मांडीवर ठेवून बाई धापा टाकत आल्या, तर भिंतीवरच्या घड्याळात आठ अकरा. रेघेची शाई अजून वाळायची होती.

"सर, एकच मिनिट हो!"

"बाई, एका मिनिटासाठी आपण मुलांना बाकावर उभं करतो ना?"

त्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये ढसाढसा रडल्या. देवानं या माणसाच्या छातीत काळजाच्या जागी घड्याळ बसवलंय, असं अकरा जणांसमोर म्हणाल्या. सर दारातच उभे होते, हे परसू शिपायानं नंतर सांगितलं. पण सर त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत.

असं असलं तरी काय दिवस होते ते! चारशे मुलं होती. पाढे सुरू झाले की आवाज पार कोपऱ्यावर जायचा. फाटकासमोरची फुलवाली कन्नड, पण हार मोजायची ती मराठी पाढ्यांवर, आणि चुकली की खिडकीतून पोरंच ओरडून दुरुस्त करायची. एक तारखेला पगार झाला की सगळा स्टाफ गांधी बझारला डोसा खायला जायचा. बिल सर द्यायचे. त्यातही शिस्त होतीच. माणशी एक डोसा, आणि कॉफी बाय-टू. "सर, निदान कॉफी तरी अख्खी!" असं कुणी म्हटलं की सर म्हणायचे, "अर्धी प्या, वर्गात झोप कमी येईल." हसून हसून पुरेवाट व्हायची. आता ते आठवलं की बाईंना भरून यायचं.

पुढे मराठी घरांतली मुलं इंग्रजी शाळांत गेली. पट घसरला, अनुदान आधी कापलं, मग अडकलं. संस्थेचे लोक येत, हात जोडत आणि जात. एकेक करून शिक्षक गेले. परसूनं बेळ्ळंदूरला वॉचमनची नोकरी धरली. शेवटी तेवीस मुलं उरली आणि शिकवायला दोघं, सर आणि वसुमतीबाई. आठ महिने दोघांनाही दमडी मिळाली नव्हती. तरी रोज मस्टर उघडायचं, दोन सह्या व्हायच्या आणि आठ दहाला त्या दोन सह्यांखाली लाल रेघ! हसावं की रडावं ते बाईंना कळत नसे.

श्रीरंगच्या, म्हणजे नवऱ्याच्या, झेरॉक्सच्या दुकानावर घर कसंबसं चाललं होतं. बाईंच्या बांगड्या गेल्या, तेही निभावलं. पण गेल्या आठवड्यात कपाट आवरताना त्यांना सुप्रीताचा एम.एस्सी.चा फॉर्म सापडला. सगळा भरलेला, फक्त फी भरलेली नव्हती.

"पुढच्या वर्षी बघू गं आई," पोरगी म्हणाली. वर हसलीसुद्धा. ते हसणं बाईंच्या जिवाला लागलं.

मग त्यांनी मुग्धाला फोन केला. मुग्धा पुण्याची, सर्जापूर रोडच्या एका सोसायटीत मुलांचं पाळणाघर चालवायची. ती मागेच म्हणाली होती, "ताई, तुम्ही फक्त हो म्हणा. फर्स्टला सॅलरी क्रेडिट होते, नो टेन्शन." बाईंनी हो म्हटलं. सोमवारपासून जायचं ठरलं. राहिलं होतं ते सरांना सांगणं.

शनिवारी राजीनामा पर्समध्ये घालून त्या निघाल्या खऱ्या, पण फाटकासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. "अक्का, इवत्तु लेट?" फुलवालीनं विचारलं. आज उशीर का म्हणून. बाईंनी फाटक ढकललं. आत शिरल्या तेव्हा आठ पस्तीस झाले होते. जाऊ दे, त्यांनी मनाशी म्हटलं. सर रेघेकडे बोट दाखवतील, आपण चिडू, आणि चिडून सांगणं सोपं जाईल.

मस्टर उघडं होतं. पान कोरं होतं. रेघ नव्हतीच, पण सरांची सात चाळीसची सहीही नव्हती. सर मात्र खुर्चीत बसलेले होते, रोजच्यासारखेच.

"सही करा बाई."

"सर, मी..."

"मुग्धाताईंचा फोन आला होता मला. तुम्ही कामाला कशा आहात, विचारत होत्या." सरांनी ड्रॉवरमधून अनुभवाचा दाखला काढून पुढे सरकवला. स्वतःच्या अक्षरात, अख्खं पान भरून लिहिलेला. "मी सांगितलं, चोवीस वर्षांत या बाई एकदाच एक मिनिट उशिरा आल्या. आणि तेही खोटं आहे."

"खोटं?"

"ते घड्याळ तेव्हा दोन मिनिटं पुढे होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मस्टरमध्ये खाडाखोड नको म्हणून गप्प बसलो. वीस वर्षं रोज वाटायचं, आज सांगावं. धीर झाला नाही. चुकलं माझं."

डोळे पुसत बाईंनी कोऱ्या पानावर सही केली. वेळ लिहिली, आठ पस्तीस. राजीनामा टेबलावर ठेवला.

सरांनी मस्टर स्वतःकडे वळवलं. बाईंच्या सहीखाली आपली सही केली, पुढे आठ चाळीस लिहिलं. मग लाल पेनाचं टोपण काढलं, पट्टी ठेवली आणि दोन सह्यांच्या मधोमध रेघ ओढली. बाईंची सही वर, सरांची खाली.

"तुम्ही वेळेत आलात, बाई. उशीर मला झाला."

बाई रडता रडता हसल्या. "मग अर्धी रजा लावा की, सर!"

"लावली," सर म्हणाले, आणि आपल्या नावापुढे त्यांनी खरोखरच तसं लिहिलं.