आज अकॉर्डियन नाही

आमच्या गावात नामदिनाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याच्या नावाच्या संताचा दिवस, त्याच्या घरी येईल त्याला जेवू घालायचं. आलेल्याला ‘जा’ म्हणायचं नाही.

माझा भाऊ लोझान चाळिशीचा आहे. एकदा ऐकलेली धून तो अकॉर्डियनवर जशीच्या तशी वाजवतो. बेसूर मात्र त्याला सोसत नाही. फाटक कुरकुरलं तरी कानांवर हात जातात. दर फेब्रुवारीत त्याच्या नामदिनाला घर भरतं. लोक सरमा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेलं सारण, हाणतात, वाइन ढोसतात, रेडिओ लावून त्याची परीक्षा घेतात आणि टाळ्या पिटून निघून जातात. शेजारी बसून ‘कसा आहेस?’ विचारतील तर शपथ. मग तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसतो. मला संताप येतो, अजूनही येतो.

यंदा सकाळीच त्याने अकॉर्डियन गोठ्यात नेऊन कुलूप घातलं.

“मिल्का, आज वाजवणं नाही. आज फक्त पाहुणे.”

दुपारी घर पाहुण्यांनी भरलं, तेव्हा सरपंच स्तामेन त्याचं वाजवणं टिपायला कॅमेरेवाल्यांना घेऊन आला.

“लोझान, चल बाळा, सुरू कर!”

“नाही.”

“नव्या नवरीसारखा लाजतोस काय? मिल्का, समजाव गं याला.”

“त्याला समजतंय, स्तामेनकाका. तुम्हालाच समजत नाहीये.”

“मग आम्ही आलो कशाला?”

बोलून गेला खरा. लोझान टेबलक्लॉथकडे बघत म्हणाला, “माझ्यासाठी नाही ना? मग जा.”

नामदिनाला! म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी दार सताड उघडलं.

“पुढच्या वर्षी इथे कुत्रं फिरकणार नाही!” सरपंच उंबऱ्यातून ओरडला.

“फिरकलं तर त्याला सरमा वाढीन. तुम्हाला नाही!”

घर रिकामं झालं. कोपऱ्यात फक्त बेकरीतली नेव्हेना शांतपणे जेवत होती.

“मीही जाऊ?” तिने विचारलं.

“तू ऐकायला आलीस?”

“छे! तुझा नामदिन ना? तुझ्याकडे आले.”

लोझानने शेजारची खुर्ची ओढली. ती येऊन बसली.

“बेकरीत गातेस ते गा,” तो म्हणाला.

“माझं गाणं? अरे, लोक खिडक्या लावून घेतात!”

“गा.”

नेव्हेना गायली. देवा रे! लोझानचे हात कानांकडे निघाले, अर्ध्यावर थांबले. त्याने ते टेबलावर आणून घट्ट दाबून धरले, गाणं संपेपर्यंत.

“फार बेसूर आहे,” तो म्हणाला. “अजून एक म्हण.”